चिन्ह कोणाच्या दिशेने वळते? : इमारतींच्या संगणकीय आराखड्यातील परिवलन, प्राचल आणि वाचक

१. प्रश्नाचे स्वरूप

इस्पितळ, वसतिगृह किंवा ग्रंथालय अशा सार्वजनिक इमारतीच्या मार्गिकेत भिंतीवर एक चौकट लावलेली असते. त्या मजल्याचा आराखडा, ‘आपण येथे आहात’ अशी खूण आणि बाहेर पडण्याच्या जिन्याकडे नेणारा बाण, एवढा मजकूर तीत असतो. समजा, मार्गिका पूर्व-पश्चिम आहे, जिना तिच्या पूर्व टोकाला आहे आणि आराखड्यात उत्तर दिशा वर दाखविली आहे. ही चौकट मार्गिकेच्या उत्तरेकडील भिंतीवर लावली, तर ती वाचणारा माणूस उत्तराभिमुख असतो. आराखड्यात जिना उजवीकडे दिसतो आणि प्रत्यक्षातही तो त्याच्या उजव्या हातालाच असतो. तीच चौकट, एकही रेघ न बदलता, समोरच्या भिंतीवर लावली की वाचणारा दक्षिणाभिमुख होतो. आराखडा अजूनही जिना उजवीकडे दाखवतो. जिना मात्र आता त्याच्या डाव्या हाताला असतो. आराखड्यातील एकही विधान खोटे झालेले नाही, भिंतींची मापे तीच आहेत, उत्तरही उत्तरेलाच आहे. तरीही धुराने भरलेल्या मार्गिकेत हा खरा आराखडा माणसाला जिन्यापासून दूर नेऊ शकतो.

मार्व्हिन लेव्हीन या मानसशास्त्रज्ञाने १९८२ साली ‘आपण येथे आहात’ प्रकारच्या नकाशांवर लिहिलेल्या निबंधात याच प्रश्नाची चर्चा केली आहे. वाचकाच्या उभे राहण्याच्या दिशेशी न जुळणारा नकाशा अनेकांना उलट्या वाटेला लावतो, हे त्याच्या विवेचनाचे सार होय. सुटकेच्या मार्गांच्या आराखड्यांसाठी २००९ साली प्रसिद्ध झालेल्या आयएसओ २३६०१ या आंतरराष्ट्रीय मानकानेही आराखडा पाहणाऱ्याच्या स्थितीनुसार वळविलेला असावा, अशी अट घातली.

वरवर पाहता उपाय सोपा आहे : दुसऱ्या भिंतीसाठी आराखडा १८० अंशांत फिरवावा. पण आराखडा फिरवताच खोल्यांची नावे उलटी होतात. अक्षरे सरळ ठेवावीत असे म्हटले, तर मग बाणही सरळच ठेवावा काय? आणि दाराची उघडझाप दाखविणारा कंस? आराखड्यातील काही चिन्हांनी आराखड्याबरोबर वळायचे आहे आणि काहींनी वळायचे नाही. कोणत्या चिन्हाने कोणाबरोबर वळावे, हा निर्णय हाताने नकाशा काढणारा आरेखक अनुभवाने आणि बहुधा न बोलता घेत असे. संगणकीय आज्ञावलीत तो निर्णय आधीच, स्पष्ट शब्दांत आणि अंकांत नोंदवावा लागतो. ज्या कप्प्यात तो नोंदवला जातो त्याला वास्तुरचनाकार पॅरामीटर म्हणतात. गणिताच्या मराठी परिभाषेत त्यासाठी प्राचल हा शब्द आहे. चिन्हाचे परिवलन प्राचलांच्या साहाय्याने कसे नियंत्रित केले जाते, हे येथे समजावून घ्यावयाचे आहे. चिन्ह आणि वाचक यांच्या संबंधाविषयी साहित्याभ्यासात ज्या गोष्टी बहुधा गृहीत धरल्या जातात, त्या या यंत्रणेत उघड्यावर मांडलेल्या दिसतात. तौलनिक अभ्यासकाला तिचे महत्त्व त्यामुळे आहे.

२. मूळ चित्र, प्रती आणि प्राचल

या यंत्रणेचा उगम १९६३ सालापर्यंत मागे नेता येतो. त्या वर्षी आयव्हन सदरलँड याने मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेला सादर केलेल्या प्रबंधात ‘स्केचपॅड’ या आरेखन-प्रणालीचे वर्णन केले. तीत एक मूळ चित्र आणि त्याच्या कितीही प्रती अशी रचना होती. मूळ चित्रात बदल केला की तो सर्व प्रतींत उतरे. पण प्रत्येक प्रतीचे स्थान, आकारमान आणि वळण स्वतंत्र असे. चार्ल्स सँडर्स पर्स या तत्त्वज्ञाने १९०६ साली चिन्हाचा प्रकार आणि चिन्हाची प्रत्यक्ष नोंद यांत जो भेद केला होता, त्याचे हे जणू यांत्रिक रूप होय. एखादा शब्द भाषेत एकच असतो, पानावर मात्र तो वीस वेळा येतो. सदरलँडच्या प्रणालीत पानावरच्या प्रत्येक आवृत्तीला स्वतःचा कोनही मिळाला.

१९८२ साली आलेल्या ऑटोकॅड या आज्ञावलीने हीच कल्पना आरेखनाच्या रोजच्या व्यवहारात आणली. तेथे चिन्हाच्या मूळ चित्राला ‘ब्लॉक’ म्हणतात आणि तो कागदावर ठेवताना जागा, प्रमाण आणि परिवलनाचा कोन द्यावा लागतो. ऑटोकॅडच्या २००६ या आवृत्तीपासून ब्लॉकच्या पोटातच परिवलन, उलटापालट आणि दृश्यता यांची प्राचले ठेवता येऊ लागली.

रेव्हिट या आज्ञावलीने पुढचे पाऊल टाकले. १९९७ साली स्थापन झालेल्या चार्ल्स रिव्हर सॉफ्टवेअर या अमेरिकी कंपनीने ती विकसित केली, तिची पहिली आवृत्ती २००० साली आली आणि २००२ साली ऑटोडेस्कने ती विकत घेतली. रेव्हिटमध्ये रेघांऐवजी भिंत, दार, खिडकी, दिवा असे घटक असतात. आराखडा हे त्या घटकांच्या प्रतिकृतीचे केवळ एक दर्शन असते. प्रत्येक घटकाचा एक कुलसमूह असतो, त्याला तेथे ‘फॅमिली’ म्हणतात. या फॅमिलीत दोन तऱ्हेची प्राचले असतात. प्रकाराचे प्राचल बदलले, की त्या प्रकारच्या सर्व प्रती बदलतात. प्रतीचे प्राचल बदलले, तर तेवढी एकच प्रत बदलते. दाराची रुंदी सामान्यतः प्रकाराला जोडतात, कारण नऊशे मिलिमीटरचे दार हा एक प्रकारच असतो. एखाद्या चिन्हाच्या वळणाचा कोन मात्र प्रतीला जोडावा लागतो. प्रत्येक जागेची गरज वेगळी असते. कोन चुकून प्रकाराला जोडला गेला, तर एका खोलीतला बाण वळवताना सबंध इमारतीतले बाण वळतात आणि ते शेजारच्या खोलीचा आराखडा उघडेपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही. सामान्य नियम कोणता आणि प्रसंगविशेष कोणता, हा भेद येथे शैलीचा राहत नाही. तो चुकला तर चूक इमारतभर पसरते.

३. तीन निष्ठा

आराखड्यातील चिन्हे कोणाबरोबर वळतात याचा विचार केला, तर त्यांचे तीन गट पडतात.

पहिल्या गटातील चिन्हे ज्या वस्तूची आहेत तिच्याबरोबर वळतात. दाराच्या उघडण्याचा पाव वर्तुळाचा कंस हे याचे उत्तम उदाहरण. भिंत ३७ अंशांनी तिरपी झाली, तर कंसही ३७ अंशांनी तिरपा झाला पाहिजे. अन्यथा दार हवेत उघडेल. जिन्यावरचा चढ दाखविणारा बाण, उताराचा बाण, भिंतीवरच्या विजेच्या बटणाचे चिन्ह ही याच जातीची. रेव्हिटमध्ये घटकाच्या फॅमिलीत बसविलेले चिन्ह घटकाबरोबर वळते. घटकाला लावावयाच्या नामपट्टीच्या बाबतीत मात्र तशी निवड करावी लागते. त्यासाठी ‘रोटेट विथ कॉम्पोनंट’ नावाचे होय-नाही प्रकारचे प्राचल आहे.

दुसऱ्या गटातील चिन्हे वाचकाशी बांधलेली असतात. अक्षरे आणि अंक यांचा समावेश येथे होतो. भिंत कितीही वळली तरी खोलीचा क्रमांक वाचता आला पाहिजे. यासाठी रेव्हिटच्या टीप-चिन्हांत ‘कीप टेक्स्ट रीडेबल’ हे प्राचल आढळते. चिन्ह उलटे होण्याच्या बेतात आले, की आतील मजकूर आपोआप सुलटा होतो.

तिसऱ्या गटात प्रामुख्याने उत्तरदर्शक बाण येतो. त्याची निष्ठा इमारतीशीही नाही आणि वाचकाशीही नाही. ती पृथ्वीशी आहे. जमिनीचा तुकडा तिरपा असला, तरी आराखडा कागदाच्या कडांना समांतर काढणे सोयीचे असते. म्हणून रेव्हिटमध्ये ‘प्रोजेक्ट नॉर्थ’ आणि ‘ट्रू नॉर्थ’, म्हणजे कागदाची उत्तर आणि खरी उत्तर, अशा दोन दिशा वेगळ्या सांभाळल्या जातात. कागदावर नुसता ठेवलेला बाण या दोहोंतील कोन स्वतःहून ओळखत नाही. तो कोन त्याला प्राचलाच्या रूपाने द्यावा लागतो. न दिल्यास जागेची दिशा पुढे दुरुस्त झाली तरी बाण जुनीच उत्तर दाखवत राहतो.

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाला ही त्रयी ओळखीची वाटेल. स्टीफन लेव्हिन्सन याने अवकाश आणि भाषा यांविषयीच्या २००३ सालच्या ग्रंथात भाषांतील संदर्भचौकटींचे तीन प्रकार मांडले आहेत : वस्तुनिष्ठ, वक्तृसापेक्ष आणि निरपेक्ष. ‘देवळाच्या दारासमोर’ म्हणताना देवळाला स्वतःचे तोंड असते आणि बोलणारा कोठे उभा आहे याने फरक पडत नाही. ‘झाडाच्या डावीकडे’ म्हणताना झाडाला डावे-उजवे नसते. ते पाहणाऱ्याचे असते. ‘गावाच्या उत्तरेला’ म्हणताना दोघांचीही गरज उरत नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये बोलली जाणारी गुगू यिमिथिर ही भाषा हाताच्या अंतरावरच्या वस्तूंसाठीही डावे-उजवे न वापरता पूर्व, पश्चिम अशा निरपेक्ष दिशा वापरते. पायाजवळच्या मुंगीची जागाही तेथे दिशेने सांगितली जाते.

या चौकटी परस्परांपासून पूर्णपणे अलग नसतात, याची साक्ष दिशावाचक शब्दच देतात. संस्कृतातून मराठीत आलेला ‘दक्षिण’ हा शब्द मुळात उजवा या अर्थाचाही आहे. ‘पूर्व’ म्हणजे पुढचे आणि आधीचे. ‘पश्चिम’ म्हणजे मागचे आणि नंतरचे. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभा असलेला माणूस या शब्दांच्या मुळाशी आहे. देवाला उजव्या हाताला ठेवून घातलेली ती प्रदक्षिणा. हिब्रू भाषेतील ‘केदेम’ हा शब्दही पूर्व आणि पुढचे असे दोन्ही अर्थ सांगतो आणि दक्षिणेचे तेथील एक नाव उजव्या हाताच्या शब्दाशी जोडलेले आहे. प्राचीन आयरिश भाषेत उजवे आणि दक्षिण यांना एकच शब्द आहे. एके काळी शरीराला बांधलेले शब्द पुढे पृथ्वीला बांधले गेले. उत्तरदर्शक बाणाच्या आत, भाषेच्या इतिहासात पाहिले तर, एक पूर्वाभिमुख माणूस उभा आहे.

४. वळण कसे घडवितात

आता प्रत्यक्ष यंत्रणेकडे वळता येईल. रेव्हिटच्या फॅमिलीत एखादे रेखाचित्र कोनानुसार फिरवायचे असेल, तर प्रथम एक संदर्भरेषा काढतात. संदर्भप्रतल हा दुसरा पर्याय असतो. पण प्रतलाला आरंभ आणि शेवट नसतो, म्हणून ते कोणत्या बिंदूभोवती फिरावे हे निश्चित राहत नाही. संदर्भरेषेला दोन टोके असतात. तिचे एक टोक फिरण्याच्या केंद्राशी जखडतात, तिच्यात आणि आडव्या रेषेत कोनमाप टाकतात आणि त्या मापाला ‘कोन’ अशा नावाचे प्राचल जोडतात. चिन्हाच्या रेघा त्या संदर्भरेषेला बांधल्या, की कोनाचा आकडा बदलताच चिन्ह फिरते. ही संदर्भरेषा छापील कागदावर दिसत नाही. दिसणाऱ्या चिन्हाला न दिसणाऱ्या रेषेने वळवायचे, हे या कामाचे मर्म होय.

या पद्धतीला मर्यादा आहेत. कोन शून्य झाला, की दोन्ही रेषा एकमेकींवर पडतात आणि मग कोणती रेषा कोणत्या बाजूला वळावी, हे ठरविण्यास आधार उरत नाही. चिन्ह अनपेक्षित बाजूला उलटू शकते किंवा बंधने पाळता येत नाहीत असा संदेश येतो. म्हणून अनुभवी मंडळी नवी फॅमिली वापरात देण्यापूर्वी कोनाला ०, ९०, १८०, २७० अशी टोकाची मूल्ये देऊन ती वाकवून पाहतात. अर्थाची परीक्षा मधल्या, सोयीच्या उदाहरणांवर होत नाही, ती सीमेवरच्या उदाहरणांवर होते, हे समीक्षकाला नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही.

दुसरी पद्धत अधिक साधी आहे. चिन्हाची चार दिशांची चार चित्रे एकावर एक काढतात आणि प्रत्येकाच्या दृश्यतेला होय-नाही प्राचल जोडतात. एका वेळी एकच दिसते. ही रचना सहसा मोडत नाही, पण ३७ अंशांची भिंत तिला ठाऊकच नसते. भाषेतील काही व्यवस्था अशाच असतात. मराठीत समोरच्या माणसासाठी तू, तुम्ही आणि आपण हे ठरावीक पर्याय आहेत. मनातील आदर मात्र ठरावीक पायऱ्यांनी कमीजास्त होत नाही. बोलणाऱ्याला जवळचा पर्याय निवडावा लागतो आणि उरलेला फरक स्वराने, नात्याच्या संबोधनाने भरून काढावा लागतो.

मजकूर वाचनीय ठेवण्याचा नियम सूत्राच्या रूपाने लिहून दाखविता येतो. अभियांत्रिकी आरेखनातील एक जुना संकेत असा, की मापांचे आकडे मापरेषेला समांतर लिहिले असतील, तर ते कागदाच्या खालच्या कडेकडून किंवा उजव्या कडेकडून वाचता आले पाहिजेत. भारतीय मानक संस्थेने १९८८ साली शाळा-महाविद्यालयांसाठी प्रसिद्ध केलेल्या आरेखन-पुस्तिकेतही हा संकेत आहे आणि त्याला पर्याय म्हणून सर्व आकडे खालच्या कडेकडूनच वाचता यावेत अशी दुसरी पद्धतही आहे. पहिला संकेत आज्ञावलीला समजेल असा मांडला तर तो असा होतो : कोन ९० अंशांहून अधिक आणि २७० अंशांपर्यंत असेल, तर त्यातून १८० वजा करावेत, एरवी तो तसाच ठेवावा. भिंत २०० अंशांत वळली, तर मजकूर २० अंशांत राहतो. भिंत २७० अंशांत असेल, तर मजकूर ९० अंशांत येतो, म्हणजे उजव्या कडेकडून वाचता येतो.

या सूत्रातील ‘हून अधिक’ आणि ‘पर्यंत’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ९० आणि २७० या दोन्ही कोनांत मजकूर उभाच असतो. एकात तो खालून वर वाचला जातो, दुसऱ्यात वरून खाली. त्यांतील पहिला ग्राह्य आणि दुसरा अग्राह्य ठरविण्यास भूमितीत कोणतेही कारण नाही. कागदाच्या उजवीकडे कोणी तरी डोके कलवून वाचत आहे, असे या व्यवसायाने पिढ्यान्पिढ्या मानले आहे. त्या गृहीत वाचकाची जागा सूत्रातील एका तुलनाचिन्हात नोंदलेली असते. कार्ल ब्यूलर या भाषाचिंतकाने १९३४ साली ‘मी, येथे, आता’ या शब्दांच्या मुळाशी असलेल्या केंद्रबिंदूची चर्चा केली होती. असाच एक केंद्रबिंदू येथे आहे, फक्त तो बोलणाऱ्याऐवजी वाचणाऱ्याचा आहे.

कोन मोजण्याच्या रीतीतही दोन परंपरा एकमेकींना छेदतात. ऑटोकॅडच्या मूळ मांडणीत शून्य अंश पूर्वेकडे असतो आणि कोन घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने वाढतो. ही गणिताची रीत. भूमापनात दिक्कोन उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने, प्रदक्षिणेच्या क्रमाने मोजण्याची रीत आहे. खरी उत्तर कागदाच्या वरच्या दिशेच्या उजवीकडे ३० अंश आहे, असे भूमापकाने कळविले आणि आरेखकाने वर तोंड करून काढलेल्या बाणाच्या प्राचलात ३० हा आकडा जसाच्या तसा भरला, तर बाण ३० अंश डावीकडे वळतो. चूक ३० अंशांची नसून ६० अंशांची होते. कोकणातील घरात नैऋत्येकडून येणाऱ्या पावसाला कोणती भिंत सामोरी जाते, हे या बाणावरून ठरवायचे असेल, तर ६० अंशांची चूक पहिल्याच पावसाळ्यात घरात येते.

५. आरसा

परिवलनाला लागूनच, पण त्याहून वेगळी अशी एक क्रिया आहे. ती म्हणजे प्रतिबिंबन. एकाच मजल्यावर शेजारी-शेजारी असलेल्या दोन सदनिका पुष्कळदा एकमेकींची प्रतिबिंबे असतात. एक आराखडा काढून तो आरशातल्यासारखा उलटवतात. या क्रियेत डाव्या हाताचे दार उजव्या हाताचे होते आणि ते योग्यच असते. चिन्हानेही उलटले पाहिजे, कारण खरे दारही उलटणार आहे. अक्षरांनी मात्र उलटता कामा नये. ऑटोकॅडमध्ये यासाठी ‘मिररटेक्स्ट’ या अर्थाच्या नावाचा एक स्वतंत्र चल आहे. त्याचे मूल्य शून्य ठेवले, की प्रतिबिंबातही मजकूर सरळ राहतो.

सपाट कागदावर कितीही फिरवले, तरी ‘क’ हे अक्षर आपल्या प्रतिबिंबात बदलत नाही. म्हणून प्रतिबिंबनाचे काम कोनाच्या प्राचलावर सोपविता येत नाही, त्यासाठी वेगळे प्राचल लागते. देवनागरीतील ३ आणि ६ हे अंक जवळजवळ एकमेकांची प्रतिबिंबे आहेत. मराठीत दोघांचे पटत नाही हे सांगताना त्यांच्यात छत्तीसचा आकडा आहे असे म्हणतात. ३६ लिहिताना दोन्ही अंक एकमेकांकडे पाठ करतात आणि ६३ लिहिताना समोरासमोर येतात. हा वाक्प्रचार संख्येच्या मूल्यावर उभा नाही, तो अंकांच्या तोंडांवर उभा आहे. आरशात ३६ साधारण ३६ असाच दिसतो, तेव्हा भांडण तसेच राहते. पण ३ क्रमांकाची खोली ६ क्रमांकाची होऊन बसते.

वाचक कोठे आहे हे ओळखून मुद्दाम उलटलेली अक्षरे रस्त्यावर रोज दिसतात. रुग्णवाहिकेच्या दर्शनी भागावरील अक्षरे उलटी लिहिलेली असतात, कारण तिचा खरा वाचक पुढच्या गाडीत बसून आरशात पाहत असतो. तौलनिक साहित्यात या प्रश्नाचे याहून गुंतागुंतीचे उदाहरण म्हणजे जपानी चित्रकथा, म्हणजेच मांगा, यांचे इंग्रजी अवतार. जपानी पाने उजवीकडून डावीकडे वाचली जातात. सुरुवातीच्या अनेक इंग्रजी आवृत्त्यांत वाचकाच्या सोयीसाठी पाने आरशातल्यासारखी उलटवून छापण्यात आली. संवादांचे इंग्रजी अर्थातच सरळ होते. पण उजव्या हाताने लढणारे योद्धे डावखुरे झाले आणि डावी बाजू वर घेऊन नेसलेले किमोनो उजवी बाजू वर घेतलेले दिसू लागले. जपानी रिवाजात तसा किमोनो प्रेताला नेसवतात. २००२ साली टोकियोपॉप या प्रकाशनसंस्थेने पाने न उलटवता छापण्याचे धोरण जाहीरपणे स्वीकारले आणि नंतर तीच रीत रूढ होत गेली. मधल्या तोडग्यात जी चूक होती ती आरेखकाच्या भाषेत नेमकी सांगता येते : वाचकाशी बांधायचे चिन्ह कोणते आणि वस्तूशी बांधायचे कोणते, हे न ठरवता संपूर्ण पानाला एकच प्राचल लावले गेले होते.

६. तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने

फ्रीड्रिख श्लायरमाखर याने १८१३ साली बर्लिन येथे दिलेल्या व्याख्यानात भाषांतरकारापुढे दोन मार्ग ठेवले : लेखकाला जागेवर ठेवून वाचकाला त्याच्याकडे न्यावे, किंवा वाचकाला जागेवर ठेवून लेखकाला त्याच्याकडे आणावे. हे दोन मार्ग एकमेकांत मिसळू नयेत, असाही त्याचा आग्रह होता. भाषांतरविचारात ही द्विमार्गी मांडणी आजही वेगवेगळ्या नावांनी वावरते. आराखड्यातील चिन्हांच्या उदाहरणाने तिच्यासंबंधी एक शंका उपस्थित होते. एकाच आराखड्यावर, कित्येकदा एकाच चिन्हात, काही भाग वस्तूबरोबर वळतो आणि काही वाचकाबरोबर. विजेच्या जोडणीच्या चिन्हातील अर्धवर्तुळ भिंतीबरोबर वळते आणि त्यातील अक्षर सरळ राहते. पर्सच्या परिभाषेत सांगायचे, तर चिन्हाच्या प्रतिमात्मक आणि निर्देशात्मक अंगांना वस्तूशी, तर त्याच्या सांकेतिक अंगाला वाचकाशी जमवून घ्यावे लागते. येथे मिश्रण हा दोष नाही. मिश्रण न केल्यास आराखडा निरुपयोगी होतो. संहितेलाही एक संपूर्ण दिशा असते असे मानण्याऐवजी तिच्या प्रत्येक घटकाची निष्ठा वेगळी तपासावी, असे यावरून सुचविता येईल.

मराठी भाषांतरकाराला हा निर्णय अगदी साध्या जागीही घ्यावा लागतो. हिंदीतील ‘हम’ मराठीत आणताना ‘आम्ही’ की ‘आपण’ हे ठरविल्यावाचून वाक्य पुढे सरकत नाही. ऐकणारा त्या समूहात आहे की नाही, हे हिंदी सर्वनाम सांगत नाही. मराठी सर्वनाम सांगितल्याशिवाय राहत नाही. मूळ संहितेत जो कप्पा नव्हता तो लक्ष्यभाषेत रिकामा ठेवता येत नाही. एखाद्या भाषणातील किंवा प्रार्थनेतील हे सर्वनाम चुकले, तर श्रोता बाहेर ठेवला जातो, किंवा जेथे त्याला बोलावलेले नव्हते तेथे आत ओढला जातो.

अर्थात हे साम्य एका मर्यादेपर्यंतच नेता येते. चिन्ह ४० अंशांनी वळविले आणि पुन्हा ४० अंशांनी मागे आणले, तर ते होते तसेच मिळते. परिवलनात काहीही गळत नाही. भाषांतर परत वळविले, तर मूळ संहिता मिळत नाही. शिवाय फॅमिली घडविणारा आपला निर्णय एकदाच घेतो आणि तो नंतर हजार ठिकाणी लागू होतो. भाषांतरकाराला प्रत्येक वाक्यापाशी नव्याने थांबावे लागते. वाङ्मयीन चिन्हाची निष्ठा कालांतराने बदलूही शकते, जशी ‘दक्षिण’ या शब्दाची शरीराकडून पृथ्वीकडे गेली. असे स्थलांतर कोणत्याही प्राचलात आधी नोंदवून ठेवता येत नाही.

आरंभीच्या चौकटीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. दुसऱ्या भिंतीसाठी संपूर्ण आराखडा १८० अंशांत फिरवावा. दारांचे कंस, जिन्याचा चढ आणि सुटकेचा बाण यांनी आराखड्याबरोबर वळावे, कारण ते इमारतीचे आहेत. खोल्यांची नावे आणि ‘आपण येथे आहात’ ही अक्षरे सरळ राहावीत, कारण ती वाचकाची आहेत. त्या अक्षरांसोबतचा ठिपका मात्र दुसऱ्या भिंतीपाशी सरकावा, कारण वाचक आता तेथे उभा आहे. उत्तरदर्शक बाण आता कागदावर खाली तोंड करेल, कारण तो पृथ्वीचा आहे आणि पृथ्वी वळलेली नाही. एवढे झाले, की दक्षिणेकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाला जिना त्याच्या डाव्या हाताला, जेथे तो खरोखर आहे तेथेच, दिसेल.